सुपरमार्केटच्या फळीवरचा फ्रान्स: प्रांतोप्रांतीच्या गोड पदार्थांच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, तुलूझ

प्रकल्पाची व्याप्ती आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह झाला तरी ती सैल होणार नाही. फ्रान्सच्या निरनिराळ्या प्रांतांच्या नावाने ओळखले जाणारे केक, बिस्किटे आणि भाजलेले गोड पदार्थ फक्त सुपरमार्केटातून घ्यायचे. बेकरी, पातिसरी (केक-मिठाईची दुकाने), आठवडी बाजार आणि विमानतळावरची भेटवस्तूंची दुकाने वर्ज्य. विमानउद्योगामुळे तुलूझला येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांचे ब्रिटनीला किंवा अल्सासला जाणे क्वचितच होते, पण त्या प्रांतांचे पदार्थ मात्र घराजवळच्या फळीवर बारा महिने मांडलेले असतात. त्या वेष्टनात मूळ पदार्थातले नेमके काय उरलेले असते, एवढाच या प्रकल्पाचा प्रश्न आहे.

पद्धत अशी ठरवली आहे की वेष्टन फोडण्यापूर्वी त्यावरचा मजकूर पूर्ण वाचायचा, मग पदार्थ जसा आहे तसा चाखायचा, आणि त्यानंतर वेष्टनावर गरम करण्याची सूचना असल्यास ती पाळून पुन्हा चाखायचा. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, आणि नावात किंवा चित्रात मिरवलेल्या घटकाचे प्रमाण टक्क्यांत सांगावे लागते. म्हणजे चित्रात बदामांची रास असली आणि सूचीत बदाम ४ टक्के असले, तर फसवणूक वाचता येते. ‘प्युर बर’ असे लिहिले असेल तर त्या पदार्थात लोणी हाच एकमेव मिसळलेला स्निग्ध पदार्थ असतो. तारखाही दोन प्रकारच्या असतात: एक सुरक्षिततेची, जी उलटल्यावर पदार्थ खाऊ नये, आणि दुसरी केवळ गुणवत्तेची, जी उलटल्यावर पदार्थ बिघडत नाही, फक्त उतरतो. प्रांतिक केकांवर बहुधा दुसरीच तारीख दिसते.

११ जानेवारी

हंगामाने सुरुवातीचा पदार्थ स्वतःच निवडून दिला. ६ जानेवारीच्या एपिफनीच्या सणासाठी ‘राजांची गालेत’ फ्रान्सभर खाल्ली जाते, पण उत्तरेत आणि दक्षिणेत ती एक वस्तू नाही. पॅरिसकडे ती पापुद्र्यांच्या पिठाची, आत बदामाचे सारण असलेली चपटी पोळी असते. आमच्याकडे दक्षिणेत तिच्या जागी नारिंगीच्या फुलांच्या अर्काचा वास असलेली, वर साखरेचे खडे आणि पाकवलेली फळे लावलेली ब्रिऑशची, म्हणजे लोणी आणि अंडी घातलेल्या मऊ गोडसर पावाची, कडी असते. तुलूझच्या दुकानांत या दिवसांत दोन्हींचे ढीग शेजारी शेजारी लागतात. दोन्हींमध्ये एक छोटी चिनी मातीची बाहुली दडवलेली असते, आणि ती ज्याच्या वाट्याला येईल तो त्या दिवसाचा राजा.

पापुद्र्यांची गालेत ओव्हनमध्ये गरम केल्यावर खरोखर चांगली लागली, आणि याचे श्रेय घटकसूचीलाच आहे: ‘प्युर बर’, आणि बदाम पुरेशा प्रमाणात. दुसऱ्या एका स्वस्त गालेतीत पामतेल होते आणि बदामाच्या जागी बहुतांशी बदामाचा वास होता. ती गरम केल्यावर टाळूला मेणचट थर चिकटला. ब्रिऑशची कडी मात्र अगदीच निराशाजनक निघाली. पाकवलेली फळे रंगांवरूनच काय ती वेगळी ओळखू येत होती, आणि कडीचा गर कोरडा पडला होता.

१९ जानेवारी

क्वीन-अमान. ब्रिटनीच्या पश्चिम किनाऱ्यावरील दुआर्नने या मासेमारीच्या बंदरात १८६० च्या सुमारास इव्ह-रने स्कोर्दिया नावाच्या बेकरीवाल्याने हा पदार्थ प्रथम केला असे मानले जाते. त्याची कृती ऐकूनच घाबरायला होते: पावाचे आंबवलेले पीठ चार भाग, खारे लोणी तीन भाग आणि साखर तीन भाग. आपल्याकडे चिरोट्यांना साटा लावून घड्या घालतात तशाच या पिठाच्या घड्यांमध्ये लोणी आणि साखर भरून तो भाजतात. भाजताना लोणी पाझरते, साखर वितळून त्यात शिजते आणि तळाशी खारट-गोड कॅरमलचा थर धरते.

लोणी खारे का, याचे उत्तर स्वयंपाकघरात नाही, करव्यवस्थेत आहे. राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्सच्या मोठ्या भागात मिठावर ‘गाबेल’ नावाचा जाचक कर होता, पण ब्रिटनीला त्यातून सूट होती; त्यामुळे जिथे मीठ महाग होते तिथे लोणी अळणी राहिले आणि ब्रिटनीत ते सढळ हाताने खारवून टिकवले गेले. तेव्हापासून ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीच्या, माणसाला अळणी लोणी म्हणजे अपुरे लोणी वाटते, आणि माझा ब्रेस्तचा सहकारी हे विधान मुळीच विनोदाने करत नाही.

आणलेला क्वीन-अमान खोलीच्या तपमानालाच ठेवलेला, पारदर्शक पिशवीत बंद, आणि वर ‘प्रोद्वी आं ब्रेताञ’ या १९९३ पासूनच्या ब्रेतों उत्पादकांच्या संघटनेचे दीपगृहाचे चिन्ह. लोणी वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित कमी, म्हणजे कृतीपेक्षा कंजूष, पण इतर कोणताही स्निग्ध पदार्थ नाही. न्यूट्रि-स्कोअरच्या, म्हणजे पौष्टिकतेची ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी दाखवणाऱ्या पट्टीवर शेवटचे, लाल ‘ई’ अक्षर. याहून वेगळे काही असते तरच संशय आला असता. थंड खाल्ला तेव्हा तो चिवट, जड आणि तुपकट लागला. लोणी गोठलेले होते आणि कॅरमलने हवेतला ओलावा ओढून घेतला होता.

२५ जानेवारी

त्याच क्वीन-अमानवर गरम करण्याचे प्रयोग. मायक्रोवेव्हमध्ये तो क्षणभर मऊ होतो आणि ताटलीत येईपर्यंत रबरासारखा ताणू लागतो, म्हणून ती वाट बंद केली. १६० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवून बाहेर काढल्यावर लगेच न खाता पाच मिनिटे थांबले, तेव्हा तो निराळाच पदार्थ झाला: वरचे पापुद्रे सुटे झाले, लोणी पुन्हा वाहते झाले, आणि गार होत आलेली साखर दाताखाली काचेसारखी तडकली. थांबणे यात महत्त्वाचे आहे, कारण साखर गरम असताना मऊच राहते आणि ती कडक होते ती उतरत्या तपमानात.

यातून मला एक धागा हाती लागल्यासारखा वाटतो. क्वीन-अमानमध्ये जे बिघडते ते परत येण्याजोगे असते, कारण लोणी आणि साखर दोन्ही तिथेच असतात, फक्त त्यांची अवस्था बदललेली असते. ही गोष्ट प्रत्येक पदार्थाला लागू पडेल असे वाटत नाही, म्हणून यापुढे नोंदवहीत ‘फळीवर काय हरवते’ आणि ‘ओव्हन काय परत देतो’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवत आहे.

२ फेब्रुवारी

आज कँडलमसचा सण. मार्सेयमध्ये या दिवशी नाव्हेत नावाची, होडीच्या आकाराची, मधोमध चीर असलेली बिस्किटे घेण्याची प्रथा आहे. तिथल्या सँ-व्हिक्तोर मठाजवळची त्यांची भट्टी १७८१ पासून चालू आहे. फळीवरच्या पाकिटातली नाव्हेत दगडासारखी कडक होती, पण याबद्दल तक्रार करता येत नाही, कारण ती मुळातच कडक असते. नारिंगीच्या फुलांचा वास स्पष्ट. चहात बुडवून खाल्ल्यास उत्तम. यापेक्षा जास्त लिहिण्याजोगे काही नाही.

९ फेब्रुवारी

बोर्दोचे कानले हा आजवरचा सर्वांत अवघड पदार्थ ठरला आहे. खोबणी असलेल्या तांब्याच्या लहान साच्यांना मधमाश्यांचे मेण आणि लोणी लावून, दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा, व्हॅनिला आणि रम यांचे पातळ मिश्रण त्यात ओतून कडक आचेवर तासभर भाजले की बाहेरून जवळजवळ काळे, कुरकुरीत कवच आणि आत ओलसर, मऊ कस्टर्डसारखा गर तयार होतो. पिवळ्या बलकांचा संबंध बोर्दोच्या वाइनशी जोडला जातो: पिंपातली वाइन नितळ करण्यासाठी अंड्यांचा पांढरा बलक वापरत, आणि उरलेल्या पिवळ्या बलकांचे काय करायचे हा प्रश्न शहरापुढे कायम असे. कानलेचा मान राखण्यासाठी १९८५ मध्ये बोर्दोमध्ये एक बंधुसंघही स्थापन झाला. फ्रेंच लोक अशा संघांच्या बाबतीत कमालीचे गंभीर असतात.

अडचण पदार्थाच्या रचनेतच आहे. बाहेरचे कवच म्हणजे कोरडी, काचरूप झालेली साखर, आणि त्याला लागूनच आत पाण्याने भरलेला गर. हे दोन शेजारी फार काळ वेगळे राहू शकत नाहीत. पाणी आतून बाहेर सरकते आणि काही तासांत कवच मऊ पडते. बोर्दोतली माणसे कानले सकाळी घेऊन दुपारपर्यंत संपवतात याचे कारण हेच आहे. मग आठवडेच्या आठवडे पिशवीत राहिलेल्या कानलेकडून काय अपेक्षा ठेवायची?

पिशवीतले कानले अपेक्षेप्रमाणेच लागले: सगळीकडून सारखेच मऊ, आत-बाहेर हा भेदच उरलेला नाही, आणि रमऐवजी रमचा वास. घटकसूचीत ओलावा धरून ठेवणारे ग्लुकोज-फ्रुक्टोजचे पाक होते, आणि ज्या पदार्थाचा जीव त्याच्या कोरड्या कवचात आहे त्याला ओला ठेवण्यासाठी खर्च करणे म्हणजे त्याच्याविरुद्ध काम करणेच होय. २१० अंशांवर सहा-सात मिनिटे भाजल्यावर बाहेरून थोडी धार आली, पण गर आटून पुडिंगसारखा घट्ट झाला.

गोठवलेले कानले मात्र वेगळे निघाले, आणि हा या महिन्यातला सर्वांत उपयोगी शोध आहे. ते भाजून लगेच गोठवलेले असतात, त्यामुळे पाण्याचा प्रवास मध्येच थांबलेला असतो. बर्फाच्या अवस्थेतूनच थेट तापलेल्या ओव्हनमध्ये टाकून, बाहेर काढल्यावर जाळीवर पूर्ण गार होऊ दिले, तेव्हा कवच तडकले आणि गरही मऊ राहिला. बोर्दोत शिकलेल्या शेजारीणबाईंनी एक खाऊन दुसरा उचलला, आणि मत विचारल्यावर तिसराही उचलला.

१६ फेब्रुवारी

कानलेच्या उलट टोकाला असलेला पदार्थ मुद्दाम निवडला: गातो नाँते, म्हणजे नाँतचा केक. बदामाची पूड, साखर, लोणी, अंडी, थोडासाच मैदा, आणि भरपूर रम. वर रम घातलेल्या साखरेचा पांढरा, गुळगुळीत लेप. फळीवर काही आठवडे काढूनही हा केक ओलसर, मऊ आणि सुवासिक होता, आणि फोडल्यानंतर झाकून ठेवलेला तुकडा तीन दिवसांनी पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागला, कारण रम मुरली होती.

हे कारखान्याचे कौशल्य नाही. बदामातले तेल सुकत नाही, साखर पाणी धरून ठेवते, अल्कोहोल बुरशीला रोखते आणि साखरेचा लेप वरून झाकण घालतो. हा केक जन्मतःच टिकाऊ आहे. त्यातली साखर आणि रम नाँतला कुठून मिळाली हेही लिहिणे भाग आहे. अठराव्या शतकात नाँत हे फ्रान्सचे गुलामांच्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर होते; आफ्रिकेतून माणसे पकडून कॅरिबियन बेटांवर नेणारी जहाजे परतताना साखर घेऊन येत. शहराने २०१२ मध्ये नदीकाठच्या धक्क्यावर गुलामगिरीच्या निर्मूलनाचे स्मारक उघडले. केकच्या वेष्टनावर मात्र शिडांचे एक सुंदर जहाज आणि ‘बेटांचा सुगंध’ एवढेच छापलेले आहे.

क्वीन-अमान, कानले आणि गातो नाँते यांच्या रकान्यांची तुलना केल्यावर प्रकल्पाचा प्रश्न बदलून लिहावा लागत आहे. कारखान्यात बनलेला पदार्थ वाईट आणि हाताने बनलेला चांगला, ही विभागणी फार उपयोगी नाही. प्रवासासाठी, साठवणीसाठी किंवा दर्यावर नेण्यासाठी जे पदार्थ घडले ते फळीवर आपल्या स्वभावाला धरूनच वागतात. भट्टीपासून चार पावलांवर खाण्यासाठी जे घडले त्यांना फळी मारते. म्हणून खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न असा: हा पदार्थ मुळात किती वेळ जगण्यासाठी बनवला होता?

२ मार्च

परवा, ४ तारखेला मार्दी ग्रा, म्हणजे उपवासकाळापूर्वीचा तळणीचा सण. लियोंकडे ‘ब्युञ’, आमच्या नैर्ऋत्येकडे ‘मर्व्हेय’, लाँगदोककडे ‘ओरेयेत’: तिन्ही म्हणजे कमी-अधिक जाडीच्या, साखर भुरभुरलेल्या तळलेल्या पट्ट्या. ज्याच्या स्वयंपाकघरात तळण होते त्याला पाकिटातले तळण कधी पटणार नाही. खवट तेलाचा वास डबा उघडताच आला. तिन्हींची वेगवेगळी नोंद करण्याचे कष्ट घेतले नाहीत.

१५ मार्च

तूर्तो फ्रोमाजे पहिल्यांदा पाहणारा माणूस तो दुकानदाराला परत करायला निघतो. पश्चिमेकडील प्वातू प्रांतातला हा चीजचा केक वरून कोळशासारखा काळा असतो, आणि तो तसाच असायला हवा. ताजे चीज, अंडी, साखर आणि थोडे पीठ यांचे फेटून हलके केलेले मिश्रण वाटीसारख्या खोलगट साच्यात बिस्किटासारख्या पातळ पारीवर घालून अतिशय तापलेल्या भट्टीत ठेवतात; वरचा थर काही मिनिटांतच जळतो, घुमटासारखा फुगतो आणि खालच्या गरावर झाकण बनून बसतो. त्यामुळे आतला ओलावा आत राहतो, आणि गर पांढरापिवळा, स्पंजासारखा पण दमट होतो.

परंपरेने चीज शेळीच्या दुधाचे. प्वातू हा शेळ्यांचा प्रदेश आहे. मी आणलेल्या एका तूर्तोमध्ये गाईच्या दुधाचे चीज होते आणि दुसऱ्यात शेळीचे, आणि दोहोंची किंमत जवळजवळ सारखीच असल्याने वेष्टनाच्या मागची बाजू वाचण्याचे कष्ट येथे पूर्णपणे सार्थकी लागतात. गाईचा बरा होता, सौम्य आणि थोडा निनावी. शेळीच्या चीजला मात्र शेवटी एक आंबूस धार होती, आणि ती काळ्या सालीच्या किंचित कडूपणाला इतकी नेमकी भेटत होती की ही साल काढून टाकण्याची माझी सुरुवातीची इच्छा दुसऱ्या घासाला मावळली. काळा थर चवीला जळका लागत नाही; भाजलेल्या कोकोच्या जवळ जाणारा कोरडा कडवटपणा लागतो.

फळीवर काय हरवते: जवळजवळ काहीच नाही. ओव्हन काय परत देतो: काहीच नाही, आणि गरम करूही नये. शीतकपाटातून काढून अर्धा तास बाहेर ठेवावा. आजवरच्या सर्व पदार्थांत मी हा सर्वांत वर ठेवते, आणि तो फ्रान्सबाहेर इतका अपरिचित का राहिला याचे कारण बहुधा त्याच्या काळ्या तोंडातच आहे.

२२ मार्च

आजची नोंद चवीची नाही. इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, ‘यात काय काय आहे?’ भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून काम भागते. युरोपीय संघात तसे बंधनकारक चिन्ह नाही, म्हणून यादीच वाचावी लागते. शिवाय भारतीय नियमांत अंड्याची गणना मांसाहारात होते, आणि त्या मापाने या प्रकल्पातला जवळजवळ प्रत्येक केक आधीच बाद होतो. पुढील बाबी अंडे चालते पण मांस चालत नाही अशांसाठी आहेत.

रँस शहराची गुलाबी बिस्किटे शाकाहारी दिसतात, पण त्यांचा पारंपरिक गुलाबी रंग कार्मिनचा, म्हणजे कोचिनिल नावाच्या कीटकांपासून काढलेला असतो, आणि तो यादीत ‘ई १२०’ म्हणून येतो. दोनदा भाजलेली, कोरडी, पुष्कळ दिवस टिकणारी ही बिस्किटे शँपेनमध्ये बुडवून खाण्यासाठी आहेत. रंग सोडला तर ती व्हॅनिलाची साधी बिस्किटेच आहेत. सँ-त्रोपेची तार्त, जी १९५५ च्या सुमारास आलेक्सांद्र मिका या पोलिश वंशाच्या बेकरीवाल्याने केली आणि जिला नाव देण्याचे श्रेय अभिनेत्री ब्रिजित बार्दोला दिले जाते, तिच्या दुकानी आवृत्तीतल्या क्रीमला आकार राहावा म्हणून जिलेटिन घातलेले आढळते. बूर्बोने भागातल्या ‘ग्रातों’ घातलेल्या ब्रिऑशमध्ये तर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडेच असतात, आणि चित्रावरून ते मनुके वाटू शकतात. ‘ई ४७१’ हा तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक वनस्पतीजन्यही असू शकतो आणि प्राणिजन्यही. स्रोत लिहिलेला नसेल तर ज्याचा नियम कडक आहे त्याने तो पदार्थ सोडावा. कानले आणि गातो नाँते यांत रम असते, आणि भाजल्याने ती पूर्ण उडून जाते हा समज खरा नाही. गातो नाँतेच्या लेपातली रम तर भाजलेलीच नसते.

५ एप्रिल

मादलेन आणि ब्रिऑश, म्हणजे शाळेच्या मधल्या सुटीचे पदार्थ. लोरेनमधल्या कोमेर्सी गावाची मादलेन १७५५ मध्ये लोरेनचा ड्यूक असलेल्या, पोलंडच्या माजी राजा स्तानिस्लासच्या भोजनात प्रथम आली अशी आख्यायिका आहे. तिच्या पाठीवरचे उंचवटे गार मिश्रण तापल्या ओव्हनमध्ये गेल्यामुळे येतात. फळीवरच्या मादलेनांमध्ये खरी सीमारेषा लोणी आणि मोहरीवर्गीय रेपसीडचे तेल यांच्यामध्ये आहे: तेलाची मादलेन जास्त दिवस मऊ राहते, आणि तिला कशाचीच चव नसते. लोण्याची मादलेन किंचित कोरडी पडते, पण पाच मिनिटे गरम केल्यावर शेजारच्या खोलीतही तिचा वास पोहोचतो.

पश्चिमेकडील वाँदे जिल्ह्याच्या वेणीच्या ब्रिऑशला २००४ पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे, त्यामुळे निळ्या-पिवळ्या चिन्हाची ब्रिऑश खरोखर त्याच भागात बनलेली असते. ती शीतकपाटात ठेवू नये: पिठातला शिजलेला स्टार्च शून्याच्या वर, पण थंड तपमानातच सर्वांत वेगाने पुन्हा कडक होतो, आणि पाव शिळा होण्याचे मुख्य कारण तेच असते. तुकडा भाजला की स्टार्च पुन्हा सैल होतो. येथे ओव्हन बरेच काही परत देतो.

१९ एप्रिल

गातो बास्क, म्हणजे स्पेनच्या सीमेलगतच्या बास्क प्रदेशाचा केक. कुरकुरीत कडा असलेल्या लोण्याच्या जाड पिठात एकतर काळ्या चेरींचा मुरंबा नाहीतर कस्टर्ड. चेरीच्या केकवर बऱ्याचदा बास्क क्रॉसचा ठसा आणि कस्टर्डच्या केकवर काट्याने ओढलेल्या तिरप्या रेघा. एकोणिसाव्या शतकात कँबो-ले-बँ येथे मारियान इरिगोयेन या केक बनवणाऱ्या बाईने त्याला प्रसिद्धी दिली, आणि जवळच्या इत्सासू गावच्या काळ्या चेरी त्याच्यासाठी नावाजलेल्या आहेत.

या नावाला भौगोलिक संरक्षण नसल्याने बास्क केक कुठेही बनू शकतो, म्हणून आज वेष्टनांच्या कोपऱ्यांतली बारीक अक्षरे वाचली. ‘ईएमबी’ या अक्षरांनंतर आकडे असतील तर त्यातले पहिले दोन आकडे जिल्ह्याचे असतात: ६४ म्हणजे पिरेने-आत्लांतिक, ज्यात फ्रेंच बास्क प्रदेश येतो, २९ म्हणजे फिनिस्तेर, ८५ म्हणजे वाँदे. बास्क ध्वजाच्या लाल-हिरव्या रंगांत गुंडाळलेला एक केक बास्क प्रदेशापासून शेकडो किलोमीटर दूर बांधलेला निघाला. दुसऱ्यावर ६४ होते. दोन्ही कापून ताटल्यांवर क्रमांक घालून घरच्या मंडळींना दिले, आणि दूरच्या कारखान्यातला जास्त आवडला, कारण त्यातला मुरंबा कमी गोड होता. ध्वज पाहून खरेदी करू नये, आणि आकडे पाहूनही डोळे मिटून करू नये.

२६ एप्रिल

दिजोंचे नोनेत: मधाच्या मसालेदार केकच्या लहान गोल वड्या, पोटात संत्र्याचा मार्मलेड, वर साखरेचा पातळ लेप. दिजोंमधले म्युलो ए पतीझाँ हे घराणे १७९६ पासून मसाल्यांचा केक बनवते, आणि तिथला केक गव्हाच्या पिठाचा असतो, तर रँसकडचा पारंपरिक केक राय धान्याचा. मधातल्या साखरा पाणी सोडत नाहीत, त्यामुळे नोनेत महिनोन्महिने मऊ राहतात आणि फळीवर काहीही गमावत नाहीत. दालचिनी, बडीशेपेसारखा वास आणि मध हे मिश्रण मराठी जिभेला ओळखीचे वाटते. घरातल्या ज्येष्ठांना आजवरच्या सगळ्या पदार्थांत हाच सर्वाधिक आवडला, आणि तूर्तो फ्रोमाजेकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलेही नाही.

स्वतः तुलूझचा पदार्थ म्हणजे फेनेत्रा, ज्यात भुसभुशीत पारीवर जर्दाळूचा मुरंबा, पाकवलेले लिंबू आणि वर बदामाचा हलका थर असतो. तो मात्र येथील कोणत्याही फळीवर मला दिसला नाही. नियमाप्रमाणे तो प्रकल्पाबाहेर राहतो.

१० मे

पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचे आहे, म्हणून बॅगेत काय तग धरेल याची चाचणी घेतली. पाकिटे न फोडता ४० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवली, कारण लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळते आणि मे महिन्यातली दुपार त्याहून वर जाते. ब्रिटनीतल्या पाँताव्हेनच्या पातळ गालेतींचे, म्हणजे लोण्याच्या बिस्किटांचे, लोणी कागदावर उतरले, पण त्यांचा आकार टिकला आणि गार झाल्यावर त्या पुन्हा कुरकुरीत झाल्या. त्याच पिठाच्या ‘पाले’ नावाच्या जाड बिस्किटांचा मध्यभाग मात्र खचला. गातो ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीचा लोण्याचा घट्ट केक, ज्यात पाण्याचे प्रमाण मुळातच कमी असते, तो वरून किंचित चकाकला एवढेच. नोनेतांवरचा साखरेचा लेप पाकिटाला चिकटला. गातो नाँतेचा लेप ओला होऊन काठांवरून ओघळला, आणि तो गार झाल्यावरही पूर्ववत झाला नाही.

बॅगेत गातो ब्रेतों आणि पातळ गालेती पत्र्याच्या डब्यांत जातील, नोनेत हातातल्या पिशवीत, आणि गातो नाँते इथेच संपवायचा आहे.